इंजिनाचा श्वास

या व्याख्यानमालेत आजवर राज्यांचे, पंथांचे आणि ग्रंथांचे इतिहास सांगितले गेले. आम्ही एका नळीचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात यंत्रांपाशी, संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. मात्र जे सांगू ते एक तर डोळ्यांदेखत घडलेले असेल, नाही तर खात्रीच्या पुस्तकांत वाचलेले असेल, एवढी हमी आम्ही देतो.

निमित्त असे घडले. आमच्या वस्तीशेजारी एक लहानसे गॅरेज आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथे दोन तरुण एका जुन्या मोटारीचे बॉनेट उघडून खटपट करीत होते. एअर फिल्टरचा मूळचा काळा डबा काढून त्यांनी तेथे अॅल्युमिनियमची चकचकीत नळी बसविली होती आणि नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला होता. "काका, याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. आता बघा गाडी कशी पळते ती!" एकाने सांगितले. गाडी सुरू केली. आवाज खरोखरच वाढला. आम्ही विचारले, "बाळांनो, नळी थंड हवेची म्हणता, पण तिचे तोंड कोठे उघडते?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तोंड बॉनेटखालीच, तापलेल्या रेडिएटरच्या मागे होते.

या प्रश्नातच आमच्या व्याख्यानाचा सगळा विषय आहे. हवा कोठून घ्यावी, हा प्रश्न इंजिनाच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे आणि त्याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले आहे.

आपल्या पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६ साली, जर्मनीत कोलोनजवळच्या डॉइट्झ येथे निकोलाउस ओटो याने चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले. पहिल्या टप्प्यात दट्ट्या मागे सरकतो आणि हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्यात ते दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडून भडका उडतो व दट्ट्या जोराने ढकलला जातो. चौथ्यात जळालेला वायू बाहेर टाकला जातो. म्हणजे आधी श्वास, मग काम आणि शेवटी उच्छ्वास. आपण मोटारीत पेट्रोल घालतो म्हणून ती पेट्रोलवर चालते असे म्हणतो. वस्तुतः एक भाग पेट्रोल पुरते जाळायचे तर वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात म्हणून ते आपल्या लक्षात राहते. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आता हवेचा धर्म असा की ती तापली म्हणजे फुगते. सिलिंडरची जागा तर ठरलेली. त्या जागेत फुगलेली हवा भरली की तिचे वजन कमी भरते. हवा कमी म्हणून इंधनही कमी जळते आणि जोर घटतो. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस असेल आणि इंजिनाने ६० अंशांची हवा घेतली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के हवा कमी मावते. हे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल.

मग पहिल्या मोटारी बनविणाऱ्यांनी थंड हवेची नळी का लावली नाही? त्यांनी लावली ती नेमकी उलटी! हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९०८ पासून १९२७ पर्यंत मॉडेल टी नावाची गाडी निघत होती. अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. त्या गाडीच्या तप्त निकास-नळीपासून एक लहान नळी कार्ब्युरेटरकडे येई. तिचे काम गरम हवा आणून देणे हेच. यामागे मूर्खपणा नव्हता. त्या काळचे पेट्रोल सहजी वाफ न होणारे असे. १८९० च्या दशकात विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर काढला होता; परंतु फवारा उडाला तरी थंडीत त्याचे थेंब थेंबच राहत. शिवाय पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. हवेत दमटपणा असला तर कार्ब्युरेटरच्या घशात चक्क बर्फ धरतो. लहान विमानांच्या वैमानिकाला या बर्फासाठी आजही सावध राहावे लागते. तेव्हा थोडा जोर गेला तरी चालेल, पण इंजिन बंद पडू नये, असा तो सौदा होता. पुढे फियाटसारख्या काही युरोपीय गाड्यांच्या एअर क्लीनरवर उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणा आल्या. ऋतू बदलला की हवेचे तोंडही फिरवायचे.

थंड हवेची खरी निकड भासली ती युद्धात. विमान उंच गेले की हवा विरळ होते, म्हणून पंख्याने ती दाबून इंजिनात भरावी लागते. पण दाबलेली हवा तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात ती दोनदा दाबण्याची योजना झाली, तेव्हा दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी तिला निववणारे उपकरणही बसवावे लागले. त्याला इंटरकूलर म्हणतात. हे इंजिन घेऊन १९४२ साली स्पिटफायर विमानाची नववी आवृत्ती लढाईत उतरली. आज आपल्या महामार्गावर धावणाऱ्या नव्या ट्रकच्या नाकाशी जी दुसरी जाळी दिसते, ती त्याच घराण्यातली.

मोटारींच्या जगात ही गोष्ट अमेरिकेतील शर्यतींनी पुढे आणली. पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर कोण आधी पोहोचतो, एवढाच तो खेळ. १९६४ साली फोर्ड कंपनीने या खेळासाठी थंडरबोल्ट नावाच्या १०० गाड्या तयार करविल्या. साध्या फेअरलेन गाडीत ७ लिटरचे अवजड इंजिन कोंबलेले. त्याला थंड हवा कोठून द्यायची? कारागिरांनी पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून टाकले, त्या भोकांना जाळी लावली आणि तेथून दोन जाड नळ्या थेट इंजिनाच्या डोक्यावर नेल्या. दिव्याची जागा नाकाला दिली. रूपाचा विचार बाजूला ठेवून कामाची गरज पाहिली, म्हणून आम्हांला ही गाडी आवडते.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पॉन्टियाक कंपनीच्या जीटीओ गाडीच्या बॉनेटवर हवा घेण्याचे तोंड होते; पण ते केवळ शोभेचे, बंद. त्या वर्षी कंपनीने विक्रेत्यांमार्फत काही सुटे भाग देऊ केले. कार्ब्युरेटरांभोवती एक पसरट तबक बसवायचे, त्याची कड फोमच्या पट्टीने बॉनेटला घट्ट टेकवायची आणि शोभेचे तोंड खरोखर उघडे करायचे. इंजिनाची हवा अशा रीतीने बॉनेटखालच्या भट्टीपासून तोडली गेली. घरच्या हत्यारांनी थंड हवेची सोय करू पाहणाऱ्याला यात एक धडा मिळतो. बाहेर तोंड उघडणे हे निम्मे काम. आतली गरम हवा अडविणे हे दुसरे निम्मे. आमच्या गॅरेजातील मुलांनी नळी विकत घेतली होती, पण हा धडा घेतला नव्हता.

तथापि काळ पुन्हा पालटला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून धुराविषयीचे नियम कडक होऊ लागले, तेव्हा अमेरिकी गाड्यांत गरम व थंड हवेचे प्रमाण आपोआप राखणारी झडप आली. त्यानंतर कार्ब्युरेटर गेले, दाबाने इंधन उडविणारी योजना आली आणि गरम हवेची गरज बहुतांशी संपली. म्हणून आजच्या बहुतेक गाड्यांच्या मूळच्या डब्याला कारखान्यानेच पुढच्या जाळीमागून किंवा मडगार्डाच्या पोकळीतून बाहेरची हवा दिलेली असते. जो डबा काढून टाकण्याची घाई केली जाते, तो पुष्कळदा स्वतःच थंड हवेचा डबा असतो! त्याच्या फुगीर कप्प्यांचे काम आवाज मारण्याचे असते. ते काढले की आवाज वाढतो आणि कान मनाला सांगतात की जोर वाढला.

आपल्या देशात याला आणखी दोन बाजू आहेत. एक कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनमानीने करता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही असा सुटा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर त्याला तेथील हवा-मंडळाची मंजुरी लागते. दुसरी बाजू पावसाची. थंड हवा खाली मिळते म्हणून नळीचे तोंड बंपरमागे अगदी खाली नेले, तर साचलेल्या पाण्यात ते बुडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना गाडीचे नाक किती उंच असावे हे सांगावे लागत नाही.

आता श्रोते विचारतील, कामगार संघटनेच्या माणसाला या नळीशी काय देणेघेणे? त्याचे उत्तर १९९२ च्या उन्हाळ्यात आहे. तेव्हा आम्ही भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. भट्टीचे खाते, वर पत्र्याचे छप्पर. शेजारी हवेच्या कॉम्प्रेसरची खोली. तेथील वयस्क मिस्त्रींनी एकदा आम्हांला एक जाड नळी दाखविली. ती भिंतीतून बाहेर जाऊन उत्तरेकडच्या सावलीत उघडत होती. तोंडावर जाळी, आत फिल्टर, आणि तो साफ केल्याची तारीख पाटीवर. मिस्त्री म्हणाले, "पोरा, कॉम्प्रेसरने गरम हवा ओढली की वीज जास्त खातो. चार अंशांना एक टक्का, असा ढोबळ हिशेब धर. म्हणून याचं नाक मालकानं सावलीत ठेवलंय." आम्ही विचारले, "आणि आपलं?" मिस्त्री हसले नाहीत.

भट्टीपाशी एक्झॉस्ट पंखे मिळावेत अशी आमच्या खात्याची मागणी दोन वर्षे पडून होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात १३ वे कलम वायुवीजनाचे व तापमानाचे होते, १४ वे धुळीचे व धुराचे. कलमे आम्ही अर्जात लिहिली होती. उत्तर येई की खर्च परवडत नाही. त्या दिवसानंतर आम्ही अर्जाची भाषा बदलली. मिस्त्रींकडून तापमापक घेतला आणि आठ दिवस दुपारी दोन आकडे लिहिले: कॉम्प्रेसरच्या नळीच्या तोंडाशी ३५, भट्टीवरच्या माणसाच्या तोंडाशी ४८. असा तक्ता बैठकीत ठेवला आणि एवढेच विचारले की, ज्या हिशेबाने यंत्राला सावलीतली हवा दिली, तो हिशेब माणसाला का लागू नाही? त्या बैठकीत कोणी आवाज चढविला नाही. पावसाळ्याआधी चार पंखे बसले. परंतु भट्टीवरचे दोन जुने सोबती त्यापूर्वीच दम लागून काम सोडून गेले होते. त्यांना त्या पंख्यांचा वारा मिळाला नाही. हे आम्ही विसरलेलो नाही.

एक लिटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता जास्तीत जास्त १,५०० लिटर हवा ओढते. जड काम करणारा माणूस मिनिटाला ४०-५० लिटर. माणसाची मागणी किती थोडी आहे पाहा! पुढे कायदे बदलले, २०२० साली नवी संहिता संमत झाली. परंतु कलमाला तापमापकाची जोड द्यावी लागते, हा अनुभव बदललेला नाही.

गॅरेजातल्या त्या मुलांनाही आम्ही तेच केले. तारेच्या टोकाचा तापमापक नळीत सोडला. बाहेर ३६ अंश. गर्दीच्या चौकात गाडी उभी असता नळीत ६२. मुलांचे चेहरे उतरले, पण त्यांनी हट्ट धरला नाही. शंकूभोवती पत्र्याचा बंद डबा वाकवून केला, कडांना रबर लावले, पुढच्या जाळीमागून वेगळी नळी आणली आणि तिचे तोंड बंपरच्या वर ठेवले. हवा मोजणाऱ्या सेन्सरपाशी नळीचा व्यास मूळचाच ठेवला. नाही तर तो चुकीचा आकडा देतो. पुन्हा त्याच चौकात मोजले: ४१. मग आम्ही सुचविले की कोपऱ्यात पडलेला मूळचा डबाही बसवून मोजावा. तो आकडा आला ४२! एक जण डोके खाजवीत म्हणाला, "काका, म्हणजे आठ दिवस आम्ही एका अंशासाठी राबलो?" आम्ही म्हणालो, "एका अंशासाठी नव्हे, मोजायला शिकण्यासाठी." त्यांनी मूळचा डबा परत बसविला.

त्या दुपारी त्याच गॅरेजात, बंद शटरच्या आड, एक पोरगा पत्र्याला कानस मारीत घामाने निथळत होता. आम्ही तापमापक त्याच्या बाजूला धरला, ४३ निघाले. गाडीच्या इंजिनापेक्षाही हे पोर गरम हवा घेत होते. मुलांनी न सांगता मागचे शटर वर केले. समोरासमोर दोन दारे उघडी झाली आणि वारा खेळू लागला.