मॉडेल रॉकेट : पॅराशूट उघडणारे विद्युत मंडल

मॉडेल रॉकेट उडविण्यापेक्षा ते सुखरूप उतरविणे अवघड असते. इंधन संपल्यावरही रॉकेट काही सेकंद वर जात राहते, शिखरबिंदूला मंदावते आणि नाक खाली करून कोसळू लागते. त्या क्षणी बंदुकीच्या दारूचा अल्प भार पेटवला जातो. त्यातून निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने नासिका सुटून पॅराशूट बाहेर फेकले जाते. यास निष्कासन भार म्हणता येईल.

लहान रॉकेटांत मोटारीतील विलंबक थर जळून संपताच हा भार पेटतो. मोठ्या रॉकेटांत मात्र हवेचा दाब मोजणारा उंचीमापक लागतो. सुमारे 9 मीटर चढल्यावर दाब 1 मिलिबारने घटतो. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे, तर बालाघाट डोंगररांगेतील अंबाजोगाई त्याहून उंच आहे. म्हणून यंत्र प्रथम उड्डाणस्थळाचाच दाब शून्य उंची म्हणून नोंदवते. घटणारा दाब पुन्हा वाढू लागला, की शिखर ओलांडले असे सूक्ष्मनियंत्रक ओळखतो. मग मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीचा प्रवाह प्रज्वलकात सोडतो. तेथील बारीक तार तापून तिच्यावरील ज्वलनशील लेप पेट घेतो. शिखरावर लहान आणि जमिनीपासून दीड-दोनशे मीटरवर मोठे पॅराशूट उघडल्यास रॉकेट वाऱ्याबरोबर दूरच्या शिवारात भरकटत नाही.

नको तेव्हा भार न पेटू देणे ही या मंडलाची खरी कसोटी होय. तो जमिनीवरच पेटला, तर हाताळणाऱ्याचे हात व डोळे धोक्यात येतात. पेटलाच नाही, तर रॉकेट भाल्यासारखे खाली येते. म्हणून रॉकेट प्रक्षेपण-दांडीवर उभे केल्यानंतरच बाहेरील सुरक्षा-स्विच चालू करतात. तार अखंड असल्याची खात्री प्रज्वलक पेटणार नाही इतक्या क्षीण प्रवाहाने केली जाते. मोठ्या रॉकेटांत दोन स्वतंत्र उंचीमापक व दोन बॅटऱ्या ठेवतात.

भारतात बंदुकीची दारू स्फोटक नियम, 2008 च्या कक्षेत येते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. विद्यार्थ्यांनी दारूऐवजी स्प्रिंगने उघडणारी रचना वापरणे श्रेयस्कर. मंडल व त्यामागील तर्क तोच राहतो, धोका मात्र पुष्कळ घटतो.

21 ऑक्टोबर 2023 रोजी गगनयानाच्या चाचणीत अंतराळवीर-कक्ष टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या पॅराशूटांच्या आधारे बंगालच्या उपसागरात उतरला. योग्य क्षण अचूक ओळखण्याचे महत्त्व तेथेही तेवढेच होते.