‘जीर्ण’ मद्य आणि मराठीची चव
(पालेगाव येथील एका निरीक्षणासह)

तांबडे द्राक्षमद्य काही वर्षे बाटलीत राहिले म्हणजे त्याची चव पालटते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हा पालट मराठीत कोणत्या शब्दांनी सांगावा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही. द्राक्षमद्य ही वस्तूच आपल्याकडे परकी, तेव्हा तिच्या जुनेपणाची परिभाषाही परकीच असणार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम वस्तूचा इतिहास पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख आहे. इटलीचे मद्य तेथे विशेष पसंत होते. त्याखेरीज लाओदिकियाचे व अरबस्तानचेही येत असे. त्याच ग्रंथात कल्याणचाही निर्देश आहे. थोरल्या सारगनच्या काळी ते रीतसर व्यापाराचे बंदर होते. परंतु पुढे संदनेसच्या अमलात तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ग्रंथकार सांगतो. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरकडे जाणारा मार्ग सातवाहनकाळी वाहता होता. तेव्हा अंबरनाथ-पालेगावच्या परिसरापासून अवघ्या काही कोसांवर समुद्रापलीकडच्या मद्याची वार्ता दोन हजार वर्षांपूर्वी पोहोचली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

पुराव्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे झालेल्या उत्खननात, तसेच पश्चिम भारतातील इतर स्थळी, परदेशी कुंभांची खापरे सापडली व ती रोमन ‘अँफोरा’ची म्हणून नोंदली गेली. अलीकडच्या फेरतपासणीत पश्चिम भारतातील अशा खापरांपैकी पुष्कळशी रोमन नसून इराक-इराणकडील निमुळत्या कुंभांची आहेत, असे दिसून आले आहे. या कुंभांना आतून डांबराचा लेप असे. म्हणजे भांड्याचा वास व चव आतल्या द्रवात उतरणे हा आजच्या ओकच्या पिंपांपुरताच मर्यादित प्रकार नव्हे.

आता शब्दांकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार येतात. त्यांपैकी ‘मधु’ म्हणजे द्राक्षाचा रस. आणि त्याची ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही नावे प्रदेशावरून पडली आहेत, असे तेथे सांगितले आहे. पाणिनीलाही ‘कापिशायन’ हे रूप साधण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र रचावे लागले. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील आजचे बेग्राम. बोर्दो, शांपेन ही नावे जशी भूमीवरून मद्याला लागली, तशीच रीत येथे तेव्हापासून होती. ‘मधु’ हा शब्द तर ग्रीक ‘मेथु’चा सख्खा भाऊ, दोन्ही भाषांत त्याला मद्याचा अर्थ आहे.

या सर्वांत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द ‘जीर्ण’ हा होय. चरकाने धान्य, फळे, मुळे, सार, फुले, कांडे, पाने, साली व साखर अशा नऊ उगमांपासून होणारी चौऱ्यांशी आसवे मोजली आहेत. फळांच्या यादीत मृद्वीका, म्हणजे द्राक्ष, पहिली आहे. नवे मद्य जड व दोष वाढविणारे. जुने मद्य हलके, रुची आणणारे व स्रोतसे मोकळी करणारे, असा त्याचा निर्णय आहे. वाग्भटानेही हाच भेद सांगितला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, हे लक्षात घेतले म्हणजे नव्याजुन्या मद्याचा हा विवेक महाराष्ट्राच्या विद्वत्परंपरेला परका नव्हता, हे उघड होते.

‘जीर्ण’ शब्दाच्या मुळाशी ‘जॄ’ हा धातू आहे. त्याचे अर्थ दोन: वय होणे आणि पचणे. वैद्यकात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जुने मद्य म्हणजे जणू काळाने पचविलेले मद्य. मराठीत येताना हे कुटुंब विभक्त झाले. ‘अजीर्ण’ या शब्दात पचनाचा अर्थ राहिला. ‘जीर्ण’ मात्र फाटक्या वस्त्राला व पडक्या देवळाला लागू झाला. आज कोणी ‘जीर्ण मद्य’ म्हटले तर ऐकणारा ते नासलेले समजेल. ‘जूर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’, या वाटेने आलेल्या ‘जुना’ला ‘जुने ते सोने’ या म्हणीने मान दिला खरा. पण त्याच वाटेने आलेला ‘जून’ शब्द भेंडीला किंवा काकडीला लावला की ती टाकून देण्याच्या लायकीची ठरते.

मग काळाने चव सुधारते हा अर्थ मराठीत कोठे गेला? माझ्या मते तो ‘मुरणे’ या क्रियापदाकडे गेला. पाणी जमिनीत मुरते, लोणचे बरणीत मुरते, आणि गवई किंवा मुत्सद्दी आपल्या विद्येत मुरतो. (मुरांब्याची गोष्ट निराळी. तो शब्द अरबी ‘मुरब्बा’वरून आला, ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ यांच्या ओढीने त्याचे रूप मराठी झाले.) ‘मुरणे’च्या विरुद्ध टोकाला ‘विटणे’ आहे. रंग विटतो, अन्न विटते आणि मनुष्यही एखाद्या गोष्टीला विटतो. रंग जाणे व चव जाणे या दोहोंना एकच क्रियापद असणे ही तांबड्या मद्याच्या दृष्टीने मोठी सोयीची गोष्ट आहे, हे पुढे दिसेल.

महाराष्ट्रातील आधुनिक द्राक्षमद्याचा इतिहास अर्वाचीन आहे. १९८०च्या दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ मद्य काढले. २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली मद्ये बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आखले. म्हणजे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली वाढलेल्या पिढ्यांना ही वस्तू अगदी उत्तरार्धात भेटली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ या विधानावरून उठलेला वाद पुष्कळांना आठवत असेल. ‘दारू’ हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ औषध. मराठीत तो तोफेच्या कोठारातही गेला आणि गुत्त्यातही. त्या वादात नीती, आरोग्य व शेतकऱ्याचे हित यांची चर्चा झाली, ती योग्यच होय. परंतु ती ‘दारू’ व ‘वाइन’ या दोन शब्दांतच अडकून पडली. आसव, अरिष्ट, मार्द्वीक असा भेद करणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत, याचे स्मरण कोणत्याच पक्षाला झाले नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखकाने एक साधे निरीक्षण केले. पालेगाव येथील राहत्या घरी नाशिक जिल्ह्यातील कॅबर्ने सोव्हिन्याँ व शिराझ यांच्या मिश्रणाच्या, एकाच वर्षाच्या, सहा बाटल्या ठेवल्या. (शिराझ या नावावरून ती जात इराणातली वाटते, परंतु जनुकीय तपासणीने ती फ्रान्समधील दोन जातींचे अपत्य ठरली आहे. शब्दाच्या नात्यावरून वस्तूचे नाते जोडू नये, याचे हे चांगले उदाहरण.) तीन बाटल्या शीतकपाटात व तीन भिंतीतील कपाटात ठेवल्या. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वर्षी दोन्हीकडची एकेक बाटली उघडली, आणि कोणती कोठली हे न सांगता चाखणाऱ्या चौघांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले.

पहिल्या वर्षी दोन्ही पेल्यांतील रंग जांभळट होता. शब्द आले ते ‘तुरट’, ‘जीभ धरते’, ‘करवंद’ आणि ‘पिकले जांभूळ’. तिसऱ्या वर्षी शीतकपाटातील बाटलीचा तुरटपणा नरम पडला होता, कडेला विटकरी छटा आली होती आणि तळाशी थोडा गाळ होता. ‘खारीक’, ‘मनुका’, ‘आमसूल’ हे शब्द आले. घरातील एक वृद्ध आत्याबाई मद्याला स्पर्श करीत नाहीत, त्यांनी केवळ वास घेतला आणि म्हणाल्या, “ही मुरलीय.” कपाटातील बाटली तेव्हाच पुढे गेलेली होती. पाचव्या वर्षी तिचा रंग तपकिरी झाला होता आणि फळाचा वास लोपला होता. चौघांपैकी तिघांनी, परस्परांना न विचारता, ‘विटलेली’ हाच शब्द वापरला. शीतकपाटातील बाटली मात्र अजून ‘मुरलेली’च होती.

रसायनशास्त्र याची संगती लावते. सालीतील रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये यांचा कालांतराने संयोग होतो. त्यामुळे जांभळा रंग विटकरी होतो, काही भाग गाळ होऊन खाली बसतो व जिभेवरची पकड सैल होते. बुचातून अल्पस्वल्प प्राणवायू आत जातो, आणि उष्णतेने या साऱ्या क्रियांचा वेग वाढतो. पालेगावच्या उन्हाळ्यात कपाटातल्या मद्याला मुरण्यास सवड न मिळता ते थेट विटण्याच्या वाटेला लागले, ते यामुळे. सहा बाटल्यांवरून सिद्धांत बांधता येणार नाही, हे खरे. शब्दांविषयीचा निष्कर्ष मात्र त्यावर सर्वस्वी अवलंबून नाही.

तो निष्कर्ष असा. द्राक्षमद्याची परंपरा महाराष्ट्रात अखंड चालत आली, असे म्हणण्यास आधार नाही. कापिशायन येथे पिकत नव्हते, आणि हेमाद्रीच्या टीकेपासून नाशिकच्या द्राक्षमळ्यांपर्यंत सरळ वाट दाखविता येत नाही. परंतु काळाने रस कसा पालटतो याची जाण मराठीने गमावलेली नाही. ती मद्यशाळेतून निघाली आणि लोणच्याच्या बरणीत, द्राक्षासवाच्या बाटलीत राहिली. ज्या बाईने आयुष्यात मद्य चाखले नाही तिला त्याचे वय एका शब्दात सांगता आले, कारण तो शब्द तिच्या फडताळात होता. परिभाषा घडविणाऱ्यांनी इंग्रजी-फ्रेंच शब्दांना प्रतिशब्द जुळविण्याआधी एकदा त्या फडताळात डोकावून पाहावे.