बिस्कुपीनचे मास्तर

पोलंडच्या नकाशावर बिस्कुपीन शोधायला चष्मा पुसून घ्यावा लागतो. पोझ्नान आणि बिद्गोश्च या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात, झ्निन गावाजवळ, एका तळ्याकाठी वसलेले हे छोटेसे खेडे. आजूबाजूला शेते आणि तळी. जवळच व्हेनेत्स्या, म्हणजे 'व्हेनिस' नावाचे गाव आहे, आणि उन्हाळ्यात या भागातून एक छोटी अरुंद रूळांची गाडी धावते.

या गावाची गोष्ट मला आवडते, कारण तिची सुरुवात एका शाळामास्तरापासून होते. जवळच्या नदीच्या कामामुळे तळ्याचे पाणी उतरले होते. १९३३ मध्ये वालेन्ती श्वाइत्सर या शिक्षकाला काठाच्या चिखलातून वर आलेली लाकडांची टोके दिसली. ती माणसाच्या हातची आहेत हे त्यांनी ओळखले आणि वरपर्यंत कळवले. पुढल्याच वर्षी पोझ्नानचे प्राध्यापक युझेफ कोस्त्शेफ्स्की यांनी उत्खनन सुरू केले.

चिखलाखालून निघाले अख्खे गाव! सुमारे दोन हेक्टरांच्या जागेवर ओळीने शंभरेक घरे, लाकडी ओंडक्यांनी फरसबंद केलेले रस्ते आणि भोवती लाकूड-मातीचा तट. पाणथळ चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजले नाही. पुढे लाकडातली वर्तुळे मोजून कळले, की निम्म्याहून अधिक ओक इ. स. पूर्व ७३८-७३७ च्या एकाच हिवाळ्यात तोडलेले होते. म्हणजे सगळ्या गावाने मिळून काम केले असणार.

येथवर सगळे छान. पण मग प्रश्न आला, हे लोक कोणाचे?

कोस्त्शेफ्स्की बर्लिनला गुस्ताफ कोसिना यांच्या हाताखाली शिकले होते. मडक्यांवरून वंश ओळखता येतो आणि जेथे जर्मन धाटणीची मडकी तेथे जर्मनांची भूमी, अशी या गुरुजींची शिकवण. शिष्याने पद्धत तीच घेतली, उत्तर मात्र उलटे काढले. हे लोक स्लाव्ह, म्हणजे आमचे पूर्वज! पोलंडला १९१८ मध्ये नुकतेच स्वातंत्र्य मिळालेले. लोक हजारोंनी गाव पाहायला येऊ लागले.

१९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या. गावाचे नाव बदलून 'उर्श्टेट' झाले आणि १९४० पासून एसएसच्या माणसांनी तेथेच, जर्मन पूर्वज शोधण्यासाठी, पुन्हा खणले. जाताना त्यांनी सगळे पाण्याखाली घातले. गंमत अशी, की त्या पाण्यानेच लाकडे जपली. युद्धानंतर पोलिश मंडळी पुन्हा कामाला लागली आणि उत्खनन १९७४ पर्यंत चालले.

त्या गावकऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. त्यांची भाषा कोणती, हे मडके सांगत नाही. आज त्यांना 'लुसाशियन संस्कृतीचे लोक' एवढेच म्हणतात.

मीही वर्गात 'आपले पूर्वज' हे शब्द किती सहज वापरत असे! मुलांचे डोळे चमकत, आणि मला वाटे तास चांगला झाला. आता वाटते, त्याच वेळी एखाद्या मुलाने 'सर, ते आपलेच, हे कशावरून?' असे विचारायला हवे होते. विचारले असते तर मी त्याला खाली बसवले असते का? उत्तर द्यायला मन कचरते.

श्वाइत्सर मास्तरांनी मात्र पूर्वज शोधले नव्हते. त्यांनी चिखलातले लाकूड पाहिले आणि जे दिसले ते सांगितले.