लहरींपासून तारेपर्यंत : मराठवाड्यांतील निवडीचा इतिहास

नांदेड-लातूरच्या घरांतून आज दूरचित्रवाणी व इंटरनेट यांची जोडणी कोणाकडून घ्यावी, याचा खल चालतो. हा प्रश्न केवळ दरमहाच्या खर्चाचा वाटतो. परंतु त्याची मुळें बरींच खोल गेलेलीं आहेत.

हा मुलूख निजामी राज्यांत असतां, १९३५ सालीं हैदराबादचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि केंद्रावरचा आवाज राज्यकर्त्यांचा. परंतु लहरींना सरहद्द नसते. ज्याच्या घरीं यंत्र होतें, त्यानें खुंटी फिरवावी आणि मुंबई वा दिल्ली ऐकावी. त्यासाठीं निराळें मोल पडत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें युद्धविरामाची घोषणा केली, तीहि नभोवाणीवरूनच. पुढें १ एप्रिल १९५० रोजीं तें केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे आलें. कोणाचें ऐकावयाचें हें ठरविण्याचें स्वातंत्र्य किती मोलाचें असतें, हें त्या पिढीस सांगावें लागलें नाहीं.

त्यानंतर दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें कित्येक वर्षें दूरदर्शनवांचून दुसरें कांहीं नव्हतें. १९९० नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर केबल आली. वाहिन्या वाढल्या, परंतु निवड आकुंचन पावली. कारण लहर सर्वांची असते आणि तार ज्याची त्याची. ज्या केबलवाल्याची तार गल्लींत आली, तोच बहुधा त्या गल्लीचा धनी झाला. १९९५ च्या कायद्यानें या धंद्यास नोंदणीची शिस्त लागली, पण दुसरी तार आली नाहीं.

ही कोंडी आकाशानेंच फोडली. २००३ पासून घराच्या छपरावरील तबकडीनें उपग्रहाची लहर थेट घेतां येऊं लागली. २००४ अखेर दूरदर्शनची बिनमासिक शुल्काची सेवाहि आली. मुसळधार पावसांत तिचें चित्र अडखळतें, हा तिचा दोष. पण ती गल्लीच्या धन्याची मिंधी नाहीं. २०१९ पासून तर हवी तीच वाहिनी घ्यावी व तिचेंच मोल द्यावें, असा नियम झाला.

आतां कांचतंतूच्या रूपानें तार पुन्हा दारीं आली आहे. एकाच तारेंतून चित्र व इंटरनेट दोन्ही मिळतात. सोय खरी, पण तार तुटली कीं दोन्हीहि बंद. म्हणून गृहस्थानें पहिल्या महिन्याची सवलत पाहून भुलूं नये. वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतात काय, यंत्र परत केल्यास अनामत मिळते काय, बिघाड झाल्यास नांदेडांत वा लातुरांत माणूस किती दिवसांत येतो, आणि शेजारी दुसरी तार आहे काय, हें आधीं विचारावें. सेवा घेतांना ती सोडण्याची वाट पाहून ठेवावी. १९४८ सालीं ती वाट एका खुंटीच्या फिरविण्यांत होती. आज ती कराराच्या कागदांत शोधावी लागते, एवढाच काय तो फरक.