घरगुती संगीतनिर्मितीतील आरंभीच्या ध्वनिसंपादन प्रणाली : ‘कूल एडिट’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मोठी ध्वनिमुद्रणगृहे, नामांकित कलावंत आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या यांच्याकडेच जाते. घरातील टेबलावरच्या संगणकावर गाणे मुद्रित करणाऱ्या अनाम संगीतकाराची साधने या इतिहासात तळटिपेपुरतीच येतात. वस्तुतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच साधनांनी संगीतनिर्मितीचे स्थान बदलले. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ‘कूल एडिट’ या प्रणालीचा प्रामुख्याने मागोवा घेतला आहे. ध्वनिमुद्रणगृहाच्या भाड्यातून सुटलेला हा संगीतकार पुढे सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकी हक्कांवर कसा अवलंबून राहिला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

फितीकडून पडद्याकडे

घरगुती ध्वनिमुद्रणाची सुरुवात संगणकाने झाली नाही. १९७९ साली टास्कॅम या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करण्याची सोय त्यात होती. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘नेब्रास्का’ हा संग्रह न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर मुद्रित केला होता. मात्र चारहून अधिक ट्रॅक हवे असल्यास आधीचे ट्रॅक एकत्र करून पुन्हा उतरवावे लागत आणि प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढत जाई. फितीचे संपादन ब्लेडने होई. रुंद फीत तिरकी कापून चिकटपट्टीने जोडण्याचे हे काम कौशल्याचे होते. अरुंद आणि संथ गतीने फिरणाऱ्या कॅसेटच्या फितीवर तर ते जवळजवळ अशक्यच होते.

संगणक प्रथम या क्षेत्रात आला तो ध्वनी घेऊन नव्हे. १९८७ मध्ये ग्रेग हेंडरशॉट यांच्या ट्वेल्व्ह टोन सिस्टिम्सने डॉस प्रणालीसाठी ‘केकवॉक’ आणले. १९८९ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने अटारी एसटी संगणकासाठी ‘क्यूबेस’ आणले. या दोन्ही प्रणाली ‘मिडी’ संकेतांवर चालत. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद त्या ठेवीत. अशी नोंद अतिशय थोड्या जागेत मावते; परंतु तिच्यात माणसाचा गळा मावत नाही. मिडीच्या त्या पहिल्या काळात सिंथेसायझर वाजवणाऱ्याला घरबसल्या वाद्यवृंद मिळाला, गायक मात्र दाराबाहेरच राहिला.

प्रत्यक्ष ध्वनी संगणकावर घेणाऱ्या प्रणाली तेव्हा होत्या, पण त्या सामान्यांसाठी नव्हत्या. डिजिडिझाइन या कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड टूल्स’ आणि १९९१ मध्ये ‘प्रो टूल्स’ मॅकिंटॉश संगणकासाठी आणले. विशेष हार्डवेअरसह त्यांची किंमत हजारो डॉलरांत जाई. घरगुती संगणकाची वाट मोकळी झाली ती साउंड कार्डामुळे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ १९८९ मध्ये आले. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये ‘वेव्ह’ ही ध्वनिफाइलची रचना निश्चित केली आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ आले. ही कार्डे मुळात खेळांसाठी घेतली जात. त्यांच्यावर गाणे मुद्रित होईल, हा पुष्कळ अंशी ग्राहकांनीच लावलेला शोध म्हटला पाहिजे.

‘कूल एडिट’चा उदय

१९९०च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड जॉन्स्टन आणि रॉबर्ट एलिसन या मायक्रोसॉफ्टच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सिंट्रिलियम सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापन केली. तिची ‘कूल एडिट’ ही प्रणाली ‘शेअरवेअर’ म्हणून वाटली जाई. ती विनामूल्य उतरवून घ्यावी, मित्राला द्यावी आणि उपयुक्त वाटल्यास पैसे पाठवावेत, अशी ही रीत होती. पैसे न भरलेल्या ग्राहकावर घातलेले बंधन मोठे चतुर होते. ‘कूल एडिट ९६’ सुरू करताना कार्यांचे अनेक गट दाखवले जात आणि त्यांतील दोनच निवडता येत. काम जतन करण्याची क्रिया हाही त्यांपैकीच एक गट होता. म्हणजे काम टिकवायचे असेल तर हाती आणखी एकच गट उरे. खरखर काढायची असेल त्या वेळी प्रतिध्वनी देता येत नसे. तो हवा असल्यास फाइल जतन करून प्रणाली बंद करायची, पुन्हा उघडायची आणि नव्याने निवड करायची. चिकाटी असलेल्या गरीब संगीतकाराला सर्व कामे करता येत. त्याची किंमत तो वेळाच्या रूपाने मोजी.

या प्रणालीत ध्वनी पडद्यावर तरंगरूपाने दिसे. शब्दलेखनात वाक्य कापून दुसरीकडे चिकटवावे, तसा तानेचा तुकडा उंदराने निवडून हलवता येई. परंतु हे संपादन मूळ फाइलवरच होई. केलेला बदल मागे घेता यावा म्हणून आधीची प्रत तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवावी लागे. येथे हिशेब महत्त्वाचा आहे. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. चार मिनिटांच्या गाण्याचे आठ एकेरी ट्रॅक घेतले, तर जवळपास १७० मेगाबाइट होतात. दशकाच्या मध्यावर अनेक घरगुती संगणकांची संपूर्ण हार्ड डिस्कच एक गिगाबाइटच्या आत होती. एखादा परिणाम संपूर्ण गाण्यावर लावला की पडद्यावरची पट्टी भरत जाईपर्यंत थांबणे आले. निकाल पसंत पडला नाही, तर पुन्हा तेच. आज परिणाम ऐकत ऐकत बदलण्याची सवय झालेल्यांना हे कष्टप्रद वाटेल. पण काय हवे ते आधी मनात ठरवून मगच बटण दाबण्याची शिस्त या प्रतीक्षेतूनच लागत असे.

‘कूल एडिट’ची कीर्ती झाली ती मुख्यतः खरखर काढण्याच्या क्रियेमुळे. गाणे सुरू होण्यापूर्वीचा निःशब्द भाग निवडायचा. त्या भागातील पंख्याचा अथवा फितीचा आवाज कोणकोणत्या कंपनसंख्यांवर किती आहे, याचे मोजमाप प्रणाली करी आणि तेवढा अंश संपूर्ण ध्वनीतून वजा करी. प्रमाण चुकले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होई. बेताने वापरल्यास मात्र राहत्या खोलीतील मुद्रणही ऐकण्याजोगे होई. मेंदूच्या लहरींशी जुळणारे ध्वनी तयार करण्याची सोयही या प्रणालीत होती. तिचा संगीताशी संबंध अल्पच. पण दोघा-चौघांच्या कंपनीत निर्मात्यांच्या लहरीला केवढा वाव असतो, हे तिच्यावरून कळते.

१९९७ मध्ये ‘कूल एडिट प्रो’ आले आणि ६४ ट्रॅक एकत्र मांडण्याची सोय झाली. ट्रॅकांचे मिश्रण पार्श्वभूमीवर आधीच तयार होत राही, त्यामुळे मंद संगणकावरही काम रेटता येई. २००२च्या दुसऱ्या आवृत्तीत ट्रॅक १२८ झाले आणि मिश्रण करतानाच परिणाम ऐकण्याची सोय मिळाली. तरीही ही प्रणाली आपल्या काळाच्या काही बाबतींत मागेच राहिली. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ ही जोड-प्रणालींची पद्धत आणि १९९७ मध्ये विलंब कमी करणारी ‘एएसआयओ’ ही व्यवस्था आणली होती. ‘कूल एडिट’ या नावाने विकल्या गेलेल्या एकाही आवृत्तीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

किमतीचा प्रश्न भारताच्या संदर्भात वेगळा होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि शेअरवेअरचा मार्ग तत्त्वतः येथेही पोहोचला. ‘कूल एडिट २०००’ची किंमत ६९ डॉलर होती. डॉलर तेव्हा ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रक्कम तीन हजारांहून अधिक झाली. शिवाय ती परदेशी पाठवण्याजोगे कार्ड फार थोड्यांकडे होते. ‘आवडल्यास पैसे पाठवा’ हा सभ्य करार पाळण्याचे साधनच ज्याच्यापाशी नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा कशी करावी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

मालकीचे हस्तांतर

२००३ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ॲडोबी कंपनीने सिंट्रिलियमची प्रणाली व तंत्रज्ञान १ कोटी ६५ लाख डॉलरांना विकत घेतले आणि ऑगस्टमध्ये ‘कूल एडिट प्रो’ जवळजवळ जसेच्या तसे ‘ॲडोबी ऑडिशन’ या नावाने बाजारात आणले. स्वस्त ‘कूल एडिट २०००’ बंद झाले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील सॉनिक फाउंड्रीने ‘साउंड फोर्ज’ आणि ‘ॲसिड’ या प्रणाली सोनीला विकल्या. स्टाइनबर्गही याच सुमारास पिनॅकल सिस्टिम्सकडे आणि पुढे दोनेक वर्षांत यामाहाकडे गेली. ‘ऑडिशन’मध्ये भर पडली हे मान्य करावे लागेल : २००४ मध्ये व्हीएसटी, २००६ मध्ये एएसआयओ आणि २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत मिडी. मात्र २०११ मध्ये ॲडोबीने ही प्रणाली नव्याने लिहिली आणि त्या आवृत्तीतून मिडी काढून टाकले. २०१३ पासून कंपनीने मासिक वर्गणीचे धोरण स्वीकारले. ‘केकवॉक’ची कथा याहून बोलकी आहे. गिब्सन कंपनीच्या ताब्यात असताना २०१६ मध्ये ‘आजीवन सुधारणा’ देऊ करून ग्राहकांकडून पैसे घेण्यात आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्मितीच थांबवण्यात आली. २०१८ मध्ये बँडलॅब कंपनीने ती मालमत्ता घेतल्यावर प्रणाली पुन्हा, आणि विनामूल्य, उपलब्ध झाली.

या व्यवहारांबाहेरचा एक प्रवाह पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघाला. १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांनी संशोधनासाठी लिहायला घेतलेली ‘ऑडॅसिटी’ मे २००० मध्ये खुली झाली. तिच्यात ध्वनी लहान लहान तुकड्यांत साठवला जाई. संपादन करताना बदललेले तुकडेच नव्याने लिहिले जात, त्यामुळे संपूर्ण प्रत ठेवण्याची गरज उरली नाही. ‘कूल एडिट’च्या प्रतीक्षेवर हे सरळ उत्तर होते. २०२१ मध्ये ‘ऑडॅसिटी’ म्यूझ ग्रुपच्या व्यवस्थापनाखाली गेली आणि माहिती गोळा करण्याच्या तिच्या धोरणावरून वाद झाला. तथापि मूळ संहिता खुली असल्याने ती कोणालाही घेऊन पुढे चालवता येते.

जतनाचा प्रश्न

१९९६ मध्ये मुद्रित केलेली वेव्ह फाइल आजही विनासायास उघडते. तिला सांभाळणारी रचनेची फाइल मात्र तशी नाही. कोणता ट्रॅक कोणत्या क्षणी सुरू होतो, कोठे मंद होतो, कोणत्या बाजूला ऐकू येतो, हे ‘कूल एडिट प्रो’ ‘एसईएस’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवी. २०११च्या ‘ऑडिशन’ला ही फाइल थेट वाचता येईना. ती तिसऱ्या आवृत्तीत उघडून तेथून एक्सएमएल स्वरूपात काढावी लागे. त्या आवृत्तीला परवाना देणारा सर्व्हर ॲडोबीने २०१२च्या अखेरीस बंद केला आणि जुन्या ग्राहकांसाठी सर्व्हरविना चालणारी प्रत काही काळ संकेतस्थळावर ठेवली. ज्यांनी ती त्या काळात उतरवून घेतली, त्यांच्या हाती आपल्या गाण्याची मांडणी राहिली. इतरांजवळ सुटे ट्रॅक आहेत. त्यांतील कोणता ट्रॅक कोणत्या क्षणी सुरू व्हायचा, हे त्यांना कानानेच पुन्हा जुळवावे लागते.