घोळणा सारखा फुटतोय? नाकातली रक्तवाहिन्यांची गाठ ओळखायची कशी

उन्हाळा लागला की घरात कुणाचा तरी घोळणा फुटतोच. ‘उष्णता झाली’ म्हणायचे, डोक्यावर पाणी थापायचे, कांदा हुंगवायचा आणि विषय संपवायचा, ही सगळीकडचीच रीत. बहुतेक वेळा रक्त आपोआप थांबतेही. मात्र एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल आणि तीच बाजू चोंदलेली राहत असेल, तर आत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. या गाठी दुर्मीळ असतात आणि कॅन्सरच्या नसतात, पण दुर्लक्ष केले तर महागात पडतात.

मुख्य प्रकार

लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा : लालभडक, हात लागताच रक्त येणारी छोटी गाठ. बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात होते. नाकात बोट घालण्याची सवय, मार लागणे किंवा गरोदरपणातले हार्मोन्सचे बदल ही कारणे असू शकतात. गरोदरपणातली गाठ बाळंतपणानंतर अनेकदा आपोआप आक्रसते.

कॅव्हर्नस हिमँजिओमा : मोठ्या माणसांमध्ये, नाकाच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर जास्त आढळते.

ज्युवेनाइल अँजिओफायब्रोमा : सर्वांत जपून हाताळायची गाठ. जवळपास नेहमीच वयात येणाऱ्या मुलांमध्ये होते, मुलींमध्ये नाही म्हटले तरी चालेल. नाकाच्या मागच्या बाजूला सुरू होऊन ती डोळ्याच्या खोबणीपर्यंत, कवटीच्या तळापर्यंत पसरू शकते.

तपासणी

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक बघतात. त्यानंतर कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन, गरजेप्रमाणे एमआरआय. अँजिओफायब्रोमात वरच्या जबड्यातल्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते. ही महत्त्वाची खूण आहे. अशी शंका असताना ओपीडीत तुकडा काढायचा नाही. आवरणार नाही इतका रक्तस्राव होऊ शकतो. निदान स्कॅनवरूनच होते.

दक्षिण भारतात तळ्यात अंघोळ करणाऱ्यांमध्ये दिसणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिसही असाच लाल, रक्ताळणारा असतो. त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात.

उपचार

छोटी गाठ दुर्बिणीतून मुळासकट काढतात. मूळ राहिले तर ती पुन्हा येते. अँजिओफायब्रोमात शस्त्रक्रियेच्या साधारण एक ते तीन दिवस आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्यामुळे रक्तस्राव बराच कमी होतो. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायलाच हवी, कारण गाठ साधी असल्याचा पक्का शिक्का तिथेच बसतो. पुढे काही वर्षे फेरतपासणी चुकवू नये.

घरच्यांनी काय करावे

रक्त येत असताना मान मागे टाकू नये. पुढे वाकून बसवावे, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे न सोडता दाबून धरावा, श्वास तोंडाने घ्यावा. एवढ्यानेही थांबले नाही, तर थेट दवाखाना.

एम्बोलायझेशनची सोय प्रत्येक गावात नसते. मोठ्या शहरात जाताना स्कॅनच्या फिल्म, सीडी आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत घ्यावा. आपल्या राज्याचे योजनेचे कार्ड पलीकडच्या राज्यातल्या रुग्णालयात चालते का, हे भरती होण्याआधीच विचारावे. आणि घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा एकाच बाजूचा घोळणा सारखा फुटत असेल, तर ‘उष्णता’ म्हणून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नये.