वाळुंजाच्या राखेपासून कॉर्न कॅपपर्यंत

पायाला कुरूप झाले म्हणून आपण औषधाच्या दुकानात जातो, तेव्हा दुकानदार एक लहानशी गोल पट्टी पुढे करतो. तिला ‘कॉर्न कॅप’ म्हणतात. मध्ये औषधाचा ठिपका, त्याभोवती मऊ कडे आणि त्वचेला धरून राहणारा चिकट भाग, एवढीच तिची रचना. ठिपक्यात सॅलिसिलिक ॲसिड असते, बहुधा ४० टक्के. किंमत किरकोळ, डॉक्टरांच्या चिठ्ठीचीही गरज भासत नाही, त्यामुळे ही पट्टी कोठून आली असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तिच्या मागे मात्र दोन हजार वर्षांची वाट आहे. या वाटेवर रोमन ग्रंथकार भेटतात, आपल्याकडचे शल्यवैद्य भेटतात, जर्मन रसायनशास्त्रज्ञ आणि राजवाड्यांत वावरणारे पाय-तज्ज्ञही भेटतात. ही वाट चालताना कळते की इलाज माणसाला फार लवकर सापडला. आपण नेमक्या कशावर इलाज करतो आहोत, हे कळायला मात्र पुष्कळ उशीर लागला.

सुरुवात सुश्रुतसंहितेपासून करू. निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची जी यादी आहे, तीत ‘कदर’ नावाचा विकार येतो. खड्यांनी पाय दुखावल्याने किंवा काटा रुतल्याने तळपायाला बोराएवढी, कठीण, ठणकणारी गाठ होते, असे त्याचे वर्णन आहे. ते वाचताना आपल्याला आजचे कुरूप ओळखू येते. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात उपाय सांगितला आहे: गाठ कापून काढावी आणि ती जागा तापलेल्या तेलाने डागावी. चामखीळ आणि मस यांच्यासाठी शस्त्र व अग्नी यांच्या जोडीला क्षारही सांगितला आहे. हा क्षार करण्याची कृती सूत्रस्थानात येते. पळस, आघाडा, रुई, निवडुंग अशा अनेक वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळायची, तीत भाजलेल्या शिंपल्यांचा चुना मिसळायचा आणि ते पाणी आटवायचे. रसायनाच्या भाषेत सांगायचे, तर हे दाहक अल्कली तयार करणे झाले. क्षाराचा दाह थांबवण्यासाठी आम्लद्रव्य वापरावे, हेही संहितेला माहीत होते. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या कृतीकडे त्यांनी अभ्यासकांचे मुद्दाम लक्ष वेधले होते.

आता आपण भूमध्य समुद्राच्या काठी जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. पाचव्या भागात तो चामखिळींचे प्रकार सांगतो. त्यांतला एक प्रकार बुटका, कठीण, खोल मुळांचा आणि अधिक दुखणारा असून तो तळहातावर किंवा तळपायावर येतो, असे तो नोंदवतो. तळपायाच्या चामखिळीचे हे वर्णन फार नेमके आहे. कुरुपाला त्याने वेगळी जागा दिली. ते बहुतेक पायावरच होते, मार लागल्याने होते आणि चालताना दुखते, असे तो म्हणतो. वरचेवर खरवडत राहावे म्हणजे ते मऊ पडते, हा त्याचा पहिला सल्ला. त्यानंतर राळेत जात्याच्या दगडाची थोडी पूड मिसळून तो लेप लावायला सांगतो. त्याच शतकातल्या डायोस्कोरिडीसने आपल्या औषधिग्रंथात विलो वृक्षाविषयी लिहिले. सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांच्या काठी जो वाळुंज वाढतो, तो याच कुळातला. विलोची साल जाळावी, राख शिरक्यात कालवावी आणि घट्ट्यांवर व कुरुपांवर लावावी, असा त्याचा उपाय होता. साल जाळल्यावर तिच्यातले औषधी द्रव्य उरत नाही, त्यामुळे गुण आलाच तर तो क्षाराचा आणि आम्लाचा असणार. पण झाड आणि व्याधी यांची जोडी त्या पानावर जमली. अठरा शतकांनी रसायनशास्त्राने तीच जोडी अगदी वेगळ्या मार्गाने पुन्हा जमवली.

दरम्यानच्या काळात घराघरांत जे चालले, त्याची लेखी नोंद थोडी आहे, पण परंपरा दांडगी आहे. महाराष्ट्रात तिचा नायक बिब्बा. बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्याच्या ज्योतीवर धरायचा आणि गळणाऱ्या काळ्या तेलाचा चटका कुरुपाला किंवा काटा मोडलेल्या जागेला द्यायचा, हा उपाय शेतावर अनवाणी राबणाऱ्या माणसांच्या हाताशी होता. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात बिब्ब्यावर स्वतंत्र संवाद लिहिला, इतके हे फळ या किनाऱ्यावर परिचयाचे होते. त्याच्या तेलातली द्रव्ये त्वचा जाळतात आणि पुष्कळांना त्यांची तीव्र ॲलर्जीही होते. अंगावर ‘बिब्बा उतणे’ म्हणजे काय, ते जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. कपड्यांवर खुणा करायला धोबी हाच रस वापरत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर या खुणांमुळे पुरळ उठल्याचे तेव्हाच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. बिब्ब्याच्या बरोबरीने रुईचा आणि निवडुंगाचा चीक होता. संहितेच्या क्षारात ज्यांची राख पडत असे, तीच ही झाडे. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधण्याची रीत होती आणि रोजच्या आंघोळीला वजरी होती. मऊ करून घासणे आणि जाळणे, हे संहितेतले व सेल्ससचे दोन्ही मार्ग या घरगुती परंपरेने सांभाळून ठेवले.

युरोपात अठराव्या शतकात या दुखण्याला प्रतिष्ठित ग्राहक मिळाले. शहरी माणूस अरुंद, टाचेच्या जोड्यांत पाय कोंबत होता. डाव्या आणि उजव्या पायाचे जोडे तेव्हा बहुधा एकाच साच्यावर बनत. पॅरिसमध्ये लाफोरे हा राजाच्या पायांची निगा राखणारा शल्यवैद्य होता, आणि पायांच्या निगेवरचे त्याचे पुस्तक १७८१ साली आले. लंडनमध्ये डेव्हिड लो याने १७८५ साली आपले पुस्तक काढले, त्यातला बराचसा मजकूर एका फ्रेंच लेखकाचा उचललेला होता. १८४५ साली लुइस डरलाकर या ब्रिटिश राजघराण्याच्या पाय-तज्ज्ञाने कुरुपांवर प्रबंध लिहिला. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२ साली, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आयझॅक झकारी या पाय-तज्ज्ञाला गुण आल्याचे प्रशस्तिपत्र लिहून दिले. या सगळ्यांपेक्षा मोठे काम मात्र एका डच शरीरशास्त्रज्ञाने केले आणि तेच लोक विसरले. पेट्रस कॅम्पर याने १७८१ सालीच, म्हणजे लाफोरेचे पुस्तक आले त्याच वर्षी, जोड्यांचा उत्तम आकार कोणता यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पायाची हाडे कशी हलतात, पाऊल टेकताना ते कसे लांबते आणि जोडा त्याला कसा अडवतो, हे त्याने मांडले. बाकीचे कुरूप कापत असताना कॅम्परने ते घडवणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवले होते.

आता विलोकडे परत येऊ. १७६३ साली इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलोच्या सालीने हिवताप उतरतो, असे रॉयल सोसायटीला कळवले. १८२८ साली म्युनिकमध्ये बुख्नरने त्या सालीतून पिवळसर, कडू द्रव्य वेगळे केले, तेच सॅलिसिन. १८३८ साली इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया याने त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड मिळवले. हेर्मान कोल्बेने पुढे विलोची गरजच संपवली. फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून ॲसिड बनवण्याची त्याची पद्धत १८७४ साली कारखान्यात उतरली. फॉन हायडेनच्या ड्रेस्डेनच्या कारखान्यातून हे द्रव्य स्वस्तात बाहेर पडू लागले. ते पोटात घेतले तर ताप आणि संधिवात उतरे, पण पोट जळे. त्यातूनच पुढे ॲस्पिरिन जन्मले आणि १८९९ साली बाजारात आले. आपल्या गोष्टीला लागते ते त्याचे दुसरे अंग. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी १८८० च्या दशकात हे ॲसिड त्वचेवर काय करते, याचा बारकाईने अभ्यास केला. त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे बंध ते सैल करते, म्हणून जाड कातडी मऊ होते, पांढरी पडते आणि सोलून निघते. त्याच शहरातला औषधविक्रेता पाउल बायर्सडोर्फ याने २८ मार्च १८८२ रोजी गुट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून औषधी पट्टी बनवण्याचे पेटंट घेतले. उना यांचे ज्ञान आणि बायर्सडोर्फची पट्टी एकत्र आली आणि आजच्या कॉर्न कॅपचा पाया घातला गेला.

या टप्प्यावर भारताशी एक अनपेक्षित नाते जुळते. १८४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कोलोडियन हा जखमेवर पातळ पापुद्रा धरणारा द्रव वैद्यकात आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात सॅलिसिलिक ॲसिड विरघळवून ‘कॉर्न पेंट’ करू लागले, आणि त्यात भारतीय भांगेचा अर्कही पडू लागला. १८३९ साली कोलकात्यात डॉ. ओशॉनेसी यांनी भांगेवरचे आपले प्रयोग मांडल्यापासून हा अर्क पाश्चात्त्य औषधालयांत रुळला होता. त्यानेच त्या औषधाला हिरवट रंग दिला आणि पुढे कित्येक वर्षे कुरुपाचे औषध हिरवे असायचे. पुढे भांग गेली, ॲसिड तेवढे राहिले.

विसाव्या शतकाने मात्र इलाजाहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे निदान. १९०७ साली इटालियन डॉक्टर जुझेप्पे चुफो याने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणूही त्यातून पार होऊ नयेत. तो अर्क त्याने स्वतःच्या त्वचेत टोचला आणि काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. चामखीळ हा विषाणूचा संसर्ग असल्याचे त्यावरून ठरले. १९४९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हा विषाणू प्रत्यक्ष दिसला. आज आपण त्या विषाणूंच्या घराण्याला एचपीव्ही म्हणतो. दोन हजार वर्षे सारख्याच उपायांनी जाळलेल्या दोन गाठींचे कूळ असे वेगळे निघाले. कुरूप म्हणजे दाबाला दिलेले त्वचेचे उत्तर, आणि दाब हटला नाही तर ते कितीदाही परत येते. चामखीळ म्हणजे पाहुणा विषाणू. तो ओल्या फरशीवरून, सामायिक टॉवेलवरून पसरतो आणि शरीराने ओळखला की आपोआप जातो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांच्या दोनतृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काहीही न करता गेल्याचे दिसले. घोड्याच्या केसाला, मंत्राला आणि चिकाला आलेल्या गुणाचे बरेचसे श्रेय या आकड्यात आहे. इलाजांची तुलनाही झाली. २०११ साली ब्रिटिश संशोधकांनी तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० जणांवर घेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. घरी लावायचे ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि दवाखान्यातला द्रव नायट्रोजन, दोन्हींनी बारा आठवड्यांत सुमारे १४ टक्के लोकच पूर्ण बरे झाले. महागड्या थंडाव्याने स्वस्त पट्टीला मागे टाकले नाही, आणि धीराला पर्याय नाही हेही दिसले.

शेवटचे वळण आपल्याच देशातले आहे. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे पाय पाहत होते. पायांच्या जखमा रोग मांस खातो म्हणून होत नाहीत, संवेदना गेलेल्या पायावर त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो म्हणून होतात, हे त्यांनी दाखवून दिले. घट्टा, त्याखाली दबलेली ऊती आणि मग व्रण असा तो क्रम आहे. त्यावर त्यांच्या चमूने मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची पादत्राणे घडवली. देशभरातल्या कुष्ठरुग्णांच्या पायांत गेलेली ही एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते. कॅम्परने १७८१ साली उभा केलेला प्रश्न येथे खऱ्या अर्थाने औषध बनला.

आपण या वाटेच्या आजच्या टोकाला उभे आहोत, आणि येथे निष्काळजीपणा परवडणारा नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते. अशा पायावरचे कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर बिब्ब्याचा चटका देणे किंवा ॲसिडची पट्टी चिकटवणे धोक्याचे आहे, कारण कातडीचा मृत थर संपून जिवंत थर जळू लागला तरी दुखत नाही, जखम कळत नाही आणि मग बोट वाचवणे कठीण होते. मधुमेह असलेल्याने, पायाला बधिरपणा किंवा रक्तपुरवठ्याची अडचण असलेल्याने घरगुती इलाज करू नये, डॉक्टरांना पाय दाखवावा. ज्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांनी आधी गाठ ओळखावी. तिच्यावरून त्वचेच्या रेषा सरळ जात असतील आणि थेट दाबल्यावर दुखत असेल, तर ते बहुधा कुरूप. रेषा तिच्याभोवती अडत असतील, आत काळे ठिपके दिसत असतील आणि दोन बाजूंनी चिमटल्यावर दुखत असेल, तर ती बहुधा चामखीळ. कुरुपाला कोमट पाणी, वजरी, हलक्या हाताने घासणे आणि रुंद पंजाचा जोडा. चामखिळीला पट्टी, काही आठवड्यांचा धीर आणि स्वतंत्र टॉवेल. सुश्रुताच्या अग्नीपासून उना यांच्या पट्टीपर्यंत प्रत्येक पिढीने जाळण्याचे साधन अधिक सौम्य केले. आपल्या पिढीने त्यात जी भर घातली पाहिजे, ती ओळखीची आहे: गाठ कशाची, पाय कोणाचा आणि जोडा कसला, हे तीन प्रश्न आधी, औषध नंतर.